वाडीवाल्या घरासाठी चेनसॉ: वर्षातून मोजकेच दिवस लागणाऱ्या मशीनचे परीक्षण

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराभोवती जेमतेम अर्ध्या एकराची वाडी आहे. तीत माड, पोफळी, दोन फणस, आंब्याची काही कलमे आणि कुंपणाकडेला वाढलेले काजू आहेत. अशा वाडीत लाकूड कापण्याचे काम रोज निघत नाही, पण निघते तेव्हा ते पुढे ढकलता येत नाही. कौलांवर आलेली फणसाची फांदी पावसाआधी उतरवावी लागते, वठलेला माड आडवा केल्यावर त्याच्या खोडाचे तुकडे करून वाट मोकळी करावी लागते, आणि चुलीचे सरपण मृगाच्या आत खोपीत रचून ठेवावे लागते. पूर्वी हे सगळे कुऱ्हाड, कोयती आणि दोन माणसांनी ओढायची करवत यांवर निभत असे. आता कामाला गडी मिळणे अवघड झाले आहे, आणि मिळालाच तर तो स्वतःचे मशीन घेऊन येतो व मजुरीही मशीनच्या हिशेबाने सांगतो. त्यामुळे स्वतःचा एक लहान चेनसॉ असावा असे पुष्कळांना वाटते, आणि खर्च फार करायचा नसला की निवड नेमकी इथेच अडते.

दुकानात गेल्यावर पहिले बोलणे सीसीचे होते. वास्तविक घरगुती गिऱ्हाइकासाठी तो पहिला नव्हे, फार तर तिसरा प्रश्न आहे. जो माणूस रोज लाकूडतोड करतो त्याचे मशीन रोज चालते, रोज साफ होते आणि त्यातले पेट्रोल रोज बदलते. आपले मशीन वर्षातले अकरा महिने पडवीत किंवा माळ्यावर पडून राहते, तेही कोकणातल्या दमट हवेत. म्हणून घरासाठी चेनसॉ घेताना तो कापतो कसा याच्याइतकेच तो पडून कसा राहतो हे पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढचे सगळे परीक्षण त्याच अंगाने केलेले आहे.

प्रथम सर्वांत जास्त खपणाऱ्या मशीनविषयी. तालुक्याच्या ठिकाणी शेती-अवजारांच्या बहुतेक दुकानांत लाल किंवा केशरी रंगाची, ५२ किंवा ५८ सीसीची, १८ ते २२ इंची पट्टीची (जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी) चिनी घडणीची मशिने ओळीने मांडलेली असतात. त्यांच्यावरची नावे निराळी असली तरी आतला साचा बहुतांशी एकच असतो, आणि किंमत साधारण पाच ते आठ हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. दुकानदार दोरी ओढून मशीन दारातच चालू करतो, निळसर धूर फुटपाथवर पसरतो, आवाजाने चार माणसे वळून पाहतात, आणि एवढ्या पैशांत एवढी ताकद मिळते आहे हे पाहून गिऱ्हाईक निम्मे तयार झालेले असते. या मशीनचा एक गुण मान्य केलाच पाहिजे: त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. कार्ब्युरेटर, दोरीचा स्टार्टर, क्लच, प्लग यांतले काहीही बिघडले तरी थोड्याच पैशांत नवे बसवता येते आणि गावातला पंप दुरुस्त करणारा मेकॅनिकही ते काम करतो. ज्याला दर आठवड्याला लाकूड कापायचे आहे आणि स्वतःच्या हाताने मशीन खोलायची ज्याला आवड आहे, त्याने हे मशीन घेतले तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

घरगुती वापराला मात्र ते मला पटत नाही. पेट्रोल आणि ऑईल भरल्यावर त्याचे वजन सात किलोच्या घरात जाते, आणि ते हातात धरून वाकून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचे मनगट व कंबर अर्ध्या तासात बोलू लागतात. डब्यावर छापलेल्या हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. नामांकित कंपन्या आपल्या ४५ सीसीच्या मशीनची ताकद जेवढी सांगतात त्याच्या कितीतरी पुढचे आकडे या स्वस्त डब्यांवर असतात. शिवाय २२ इंची पट्टी ही आपल्या कामाला सोय नसून अडचण आहे. आपल्याकडची सर्वांत जाड फांदी फूटभराची असताना पट्टीचे टोक पलीकडे आठ-दहा इंच बाहेर राहते, आणि ते कशाला लागते आहे हे कापणाऱ्याला दिसत नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चालू चेनसकट दुसऱ्या फांदीला किंवा दगडाला टेकला, तर चेन लाकूड कापण्याऐवजी पट्टीलाच उलट ढकलते आणि ती थेट चेहऱ्याच्या दिशेने वर उसळते. हे इतक्या झटक्यात घडते की हात सावरायला वेळच मिळत नाही. चेनसॉच्या गंभीर अपघातांचे हे एक मुख्य कारण आहे, आणि पुढच्या मुठीसमोरचा चेन-ब्रेकचा, म्हणजे चेन झटकन थांबवणारा, दांडा त्याच्यासाठीच असतो. स्वस्त मशीनमध्ये हा ब्रेक असतो, पण तो दरवेळी तितक्याच खात्रीने लागेल याचा भरवसा मी देऊ शकत नाही.

पडून राहण्याचा मुद्दा इथेच सर्वांत जास्त नडतो. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टूटी ऑईल मिसळावे लागते. चांगल्या प्रतीच्या ऑईलला लिटरमागे २० मिली पुरते, तर स्वस्त मशिनांच्या माहितीपत्रकात बहुधा ४० मिली सांगितलेले असते. असे मिसळलेले पेट्रोल महिनाभरात वापरून टाकावे लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. चेनसॉच्या कार्ब्युरेटरमध्ये रबरासारखा एक पातळ पडदा आणि केसाएवढी भोके असतात. टाकीत राहिलेले पेट्रोल उडून गेले की मागे चिकटा उरतो, भोके तुंबतात, पडदा कडक होतो आणि पेट्रोलची नळी तडकते. यावरचा उपाय सोपा आहे: काम संपले की टाकी रिकामी करायची, मशीन पुन्हा चालू करून उरलेले पेट्रोल जळून ते आपोआप बंद पडेपर्यंत तसेच ठेवायचे, मगच माळ्यावर टाकायचे. दिवसभर लाकडे कापून थकलेला माणूस संध्याकाळी हे करतो का, याचे उत्तर ज्याचे त्याने प्रामाणिकपणे द्यावे. बहुतेक घरांत ते होत नाही, आणि पुढच्या ज्येष्ठात खांदा दुखेपर्यंत दोरी ओढूनही मशीन फुरफुरण्यापलीकडे जात नाही.

पेट्रोलचेच मशीन हवे असेल तर नामांकित कंपनीचे लहान मशीन घ्यावे. स्टिलचे एमएस १७० हे या वर्गातले परिचित नाव आहे. त्याचे इंजिन अवघे ३०.१ सीसीचे, आणि पट्टी-चेन सोडून वजन चार किलोच्या आसपास. ५८ सीसीच्या शेजारी ते खेळण्यासारखे दिसते, पण १४ इंची पट्टीवर आठ-दहा इंचांचे आंब्याचे लाकूड ते कुरकुर न करता कापते. हादरे कमी जाणवतात, चेन-ब्रेक खात्रीचा असतो आणि पेट्रोलही बेताचे लागते. किंमत मात्र वीस हजारांच्या आसपास जाते, आणि पेट्रोल काढून ठेवण्याची शिस्त त्यालाही चुकत नाही. हुस्कवार्नाचे १२० मार्क टू हे त्याच पंक्तीत बसणारे, ३८ सीसीचे, थोडे जड मशीन आहे. या दोहोंतून निवडताना सीसीपेक्षा आपल्या घरापासून जवळ कोणाचे सर्व्हिस सेंटर आहे ते पाहावे.

बॅटरीवर चालणाऱ्या, चार किंवा सहा इंची पट्टीच्या छोट्या मशिनांची ऑनलाइन बाजारात सध्या रेलचेल आहे. त्यांच्यावर ४८, ८८ असे व्होल्टचे आकडे छापलेले असतात. बॅटरी उघडून पाहिली तर आत बहुधा पाच सेल एका ओळीत जोडलेले निघतात, म्हणजे चार्ज पूर्ण असतानाही व्होल्टेज २१ च्या वर जाऊ शकत नाही. मनगटाएवढ्या फांद्या, करवंदीची जाळी, कुंपणाची छाटणी एवढ्यापुरती ही मशिने उपयोगी आहेत आणि एका हातात मावतात, पण त्यांना चेनसॉ समजून फणसाच्या बुंध्याला लावणे व्यर्थ आहे. जपानी व जर्मन कंपन्यांची बॅटरीवरची मोठी मशिने खरोखर चांगली असतात; परंतु दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून हिशेब केला की आपले बजेट केव्हाच मागे पडते. ज्यांच्याकडे त्याच कंपनीचे ड्रिल आणि बॅटऱ्या आधीच आहेत, त्यांनी नुसते मशीन घेण्याचा विचार जरूर करावा.

याच बाजारात अँगल ग्राइंडरला लावायची चेनसॉची पट्टी काहीशे रुपयांना मिळते. ती कोणीही, कोणत्याही कामासाठी घेऊ नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, त्याला चेन-ब्रेक नाही, मागच्या हाताला संरक्षण नाही, आणि बऱ्याच ग्राइंडरांचा खटका सरकवला की चालूच राहतो. स्वस्ताईची हौस बोटांच्या बदल्यात भागवण्याचे कारण नाही.

राहिला वायरीवर चालणारा विजेचा चेनसॉ. वाडीवाल्या घरासाठी माझी शिफारस त्याचीच आहे. मी वापरतो तो माकिताचा यूसी ३५४१ ए: १८०० वॅट, ३५ सेंटिमीटर म्हणजे १४ इंची पट्टी, वजन पाच-साडेपाच किलो. याच मालिकेतल्या ४० सेंटिमीटरच्या मशीनलाही मोटर तेवढ्याच वॅटची आहे, त्यामुळे लांब पट्टीसाठी जास्त पैसे घालण्यात मला अर्थ दिसला नाही. डब्यावरचे १८०० वॅट हा मोटर किती वीज ओढते याचा आकडा आहे, चेनला पोचणारी ताकद त्याहून कमी असते, हेही ध्यानात ठेवावे. कंपनी निराळी घेतली तरी चालेल, पण हाताने लागणारा चेन-ब्रेक, चेनला वंगण म्हणून आपोआप सुटणारे चेन-ऑईल आणि बाजारात सहज मिळणारी चेन या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नऊ-दहा इंचांच्या फणसाच्या फांदीवर हे मशीन ठेवले की पट्टीच्या मुळाशी असलेले दातेरी धारण लाकडाला टेकवून हलकासा भार द्यावा लागतो, बाकीचे काम चेन करते. धार चांगली असेल तर भुसा लांबट कपच्यांचा पडतो, आणि तो पिठासारखा बारीक पडू लागला की धार गेली असे समजावे. फणसाचा चीक चेनवर व पट्टीच्या खाचेत चिकटतो, म्हणून काम संपताच प्लग काढून बाजूचे झाकण उघडावे आणि डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या ब्रशने सगळे पुसून काढावे. दुसऱ्या दिवशी तो चीक सुटत नाही. माडाचे खोड याहून त्रासदायक. त्याच्या बाहेरच्या कडक तंतूंनी धार लवकर बोथट होते आणि काथ्यासारखे धागे चेनच्या चाकाभोवती गुंडाळून बसतात. चार-सहा तुकडे झाले की थांबून ते धागे काढावे, मोटरही तेवढ्यात निवते.

विजेच्या मशीनचा एक फायदा वापरल्याशिवाय कळत नाही. खटका सोडला की ते गप्प होते. पेट्रोलचे इंजिन दोन कापांच्या मधेही धडधडत राहते, त्यामुळे लाकूड आतून तडकू लागल्याचा पहिला बारीक आवाज ऐकूच येत नाही. भार असलेली फांदी सुटण्याआधी असा आवाज देते, आणि तो ऐकू आला तर बाजूला व्हायला एक-दोन क्षण मिळतात.

मशीनला लागणारी वीज हा मात्र गंभीरपणे घ्यायचा विषय आहे. १८०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर ओढते, म्हणजे ओटीवरचा ६ अँपिअरचा लहान सॉकेट त्याला पुरणार नाही. पंपाचा किंवा गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेटच वापरावा. टीव्हीसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. पंपाला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची, तीन तारांची रबरी वेष्टणाची वायर पंचवीस-तीस मीटर घ्यावी, तिचा जोड जमिनीवर ओल्या गवतात पडू देऊ नये, आणि काम करताना वायर पाठीमागून खांद्यावरून आलेली असावी. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर मशीनच्या आधी तो बसवावा. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की पंखाही रेंगाळतो. अशा वेळी मशीन चालवले तर मोटर तापते आणि कार्बन ब्रश लवकर झिजतात, म्हणून ही कामे मी सकाळीच उरकतो.

या मशीनच्या मर्यादाही मोठ्या आहेत. पावसात ते अजिबात चालवता येत नाही, आणि कोकणात झाडे पडतात ती पावसातच. वायर पोचत नाही तिथले काम एक तर हातकरवतीने करावे लागते, नाही तर ओंडका दोराने अंगणाजवळ ओढून आणावा लागतो. त्याहून मोठी अडचण वादळाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले होते. घरावर माड पडलेला आणि सॉकेटमध्ये वीज नाही, अशा दिवसांत विजेचा चेनसॉ निरुपयोगी असतो. त्या वर्षानंतर आमच्या बाजूला ५८ सीसीची मशिने पुष्कळ घरांत आली याचे मला नवल वाटत नाही. पण ती आणीबाणी भागवायची असेल तर प्रत्येक घराने एकेक स्वस्त मशीन घेऊन ते गंजत ठेवण्यापेक्षा वाडीतल्या चार घरांनी मिळून एक चांगले पेट्रोलचे मशीन घ्यावे आणि ते एकाच्या ताब्यात ठेवावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चार घरांची कामे मिळून ते मशीन महिन्या-दोन महिन्यांनी चालते राहते, आणि चालते राहिलेल्या पेट्रोलच्या मशीनला वर सांगितलेले दुखणे सहसा होत नाही.

चेन आणि ऑईल यांवर लोक विनाकारण काटकसर करतात. १४ इंची पट्टीला, तीन-अष्टमांश इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) पिचची चेन असेल तर बहुधा ५२ ड्राइव्ह लिंक, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्या, लागतात. नवी चेन घेताना नुसते ‘चौदा इंची द्या’ असे न म्हणता पट्टीवर कोरलेले पिच (कड्यांमधले अंतर), गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि लिंकची संख्या हे तिन्ही आकडे लिहून न्यावेत, कारण यांतला एकही चुकला तर चेन बसत नाही. या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, तर ५८ सीसीच्या मशिनांवर असणाऱ्या ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची. दातावर कोरलेल्या तिरप्या रेघेला समांतर, सुमारे ३० अंशांत, आतून बाहेर असे दोन-तीन हात प्रत्येक दातावर सारखेच फिरवले की धार येते. गॅरेजमधले काळे जळके ऑईल टाकीत ओतू नये. त्यात धातूची कीस असते, ती पंप खाते आणि आपल्या बागेत उडते. चेन-ऑईल मिळालेच नाही तर साधे, ताजे तीस ग्रेडचे इंजिन ऑईल तात्पुरते चालते. चेनसॉ कोणत्याही किमतीचा असला तरी पडून असताना थोडे ऑईल गाळतोच, तेव्हा टाकी रिकामी करून खाली पुठ्ठा ठेवावा आणि तक्रार घेऊन दुकानात जाऊ नये.

लुंगी नेसून, स्लीपर घालून हे मशीन चालवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि पाहताना अंगावर काटा आला आहे. जाड पँट, बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे एवढे किमान हवे. हा खर्च हजार-दीड हजारांत भागतो आणि तो मशीनच्या किमतीतच धरावा. शिडीवर किंवा झाडावर चढून चेनसॉ चालवू नये. उंचावरचे काम जाणत्या माणसालाच द्यावे, त्याने सांगितलेली मजुरी महाग वाटली तरीही. जमिनीवर पडलेला, दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका कापताना वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते, म्हणून आधी वरून तिसरा हिस्सा कापून मग खालून वर यावे. एका दमात वरून कापत गेल्यास फट मिटते आणि पट्टी अडकून बसते.

झाड आपल्या जागेतले असले तरी ते तोडण्याचा हक्क मशीनच्या बिलाबरोबर मिळत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या अधिनियमात आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे अनुसूचीत आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी काढावी लागते; नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा निराळा अधिनियम लागू होतो.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला मशीन प्रत्यक्ष चालवून दाखवायला सांगावे आणि पट्टीचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर धरायला लावावे. ऑईलचा पंप ठीक असेल तर काही सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटते. नंतर चेन फिरत असताना पुढचा दांडा मनगटाने ढकलायला सांगावे. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे, घसरत घसरत नव्हे. या दोन्ही चाचण्यांना जो दुकानदार टाळाटाळ करतो त्याच्याकडून कितीही सूट मिळत असली तरी मशीन घेऊ नये. आणि घेतलेच, तर एक जादा चेन व कानस त्याच बिलात घालून, बिलावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी तोच आधी विचारला जातो.